ठाकुर्लीला राहिलेला नंबर

मित्रांनो, मी तारेने बांधलेला, एका जागी बसून वाजणारा जुना टेलिफोन आहे. माझा रंग विटकरी. पाचाचं बटण जरा आत गेलेलं आहे, रिसीव्हरची वायर पिळून पिळून गुंतली आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चांगला नाही. दुसऱ्या वस्तूचं कौतुक झालेलं मला सहन होत नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना आपण किती सोशिक होतो ते फार रंगवून सांगतात. मला ते जमणार नाही. मी जळत होतो, आणि अजूनही थोडा जळतो.

माझा जन्म एका कारखान्यात, पट्ट्यावर झाला. माझ्यासारखी पुष्कळ भावंडं एकामागून एक सरकत होती. शेवटी एक बाई बसली होती. ती प्रत्येकाचा रिसीव्हर कानाला लावायची आणि घंटा वाजवून बघायची. माझी घंटा वाजली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, याचा आवाज खणखणीत आहे. ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे, कारण पुढे मला इतक्या मोकळ्या मनाने फारसं कोणी वाखाणलं नाही.

मी आलो ठाकुर्लीच्या एका चाळीत, आबांच्या घरी. आबा कल्याणला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्या वेळी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे मी आलो त्या दिवशी आबांनी चाळभर पेढे वाटले. बुद्धमूर्तीच्या फळीखाली माझ्यासाठी नवं स्टूल आलं. आबांच्या पत्नी शांताबाई यांनी पांढऱ्या दोऱ्याचं जाळीदार झाकण विणलं आणि माझ्या अंगावर घातलं. घरातलं कोणीही मला उचललं की आधी 'जय भीम' म्हणे, मग बोलणं सुरू होई.

मित्रांनो, तुम्हाला 'पी. पी. नंबर' माहीत नसेल. चाळीत एका घरी फोन असला की तो सगळ्या चाळीचा असे. लोक आपल्या पत्त्याखाली आमचा नंबर लिहीत आणि पुढे 'पी. पी.' अशी अक्षरं टाकत. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, पण बोलावून देतील. लग्नपत्रिकांवर मी होतो, नोकरीच्या अर्जांवर मी होतो. कोणाला मुलगा झाला, कोण पास झालं, कोणाच्या गावी काय वाईट घडलं, ते आधी मला कळे आणि मग चाळीला. घरात टीव्ही होता, पण माझी घंटा वाजली की त्याचा आवाज बंद केला जाई. टीव्ही गप्प बसलेला मला फार आवडे.

पुढे आबांच्या मुलाने, राजरत्नने, पहिला मोबाईल आणला. साबणाच्या वडीएवढा. त्याला तो छातीशी धरून हिंडायचा, रात्री उशाशी घ्यायचा. मला कधी कोणी उशाशी घेतलं नव्हतं. मी मूग गिळून बसलो. मग घराघरांत मोबाईल झाले, पत्रिकांवरून माझा नंबर गेला आणि बोलावणं घेऊन धावणारी पोरंही थांबली. आबा गेले ती बातमीसुद्धा लोकांना मोबाईलवरून कळली. मी तिथेच, त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर होतो, आणि मला कोणी उचललं नाही. ते मला फार लागलं.

पण एक काम माझ्याकडेच राहिलं होतं, आणि त्या कामावर मी जगत होतो.

शांताबाईंची थोरली बहीण बायजा खडवलीला राहते. एकटीच राहते. दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणात कोंबड्या. घर सोडून कुठे यायला ती तयार नसते. तिचे कान हळूहळू गेले. फोनवर बोललेलं तिला काही ऐकू येईना, तेव्हा बहिणींनी आपसांत एक पद्धत ठरवली. कान चांगले असतानाच राजरत्नने बायजाला बटणांचा छोटा मोबाईल दिला होता. त्यात त्यानेच आमचा नंबर घालून दिला होता, दोनाचं बटण दाबून धरलं की आपोआप लागायचा. बायजाने रोज सकाळी ते बटण दाबायचं, मनात थोडं मोजायचं आणि बंद करायचं. इकडे माझ्या दोन रिंगा वाजत. शांताबाई मला उचलत नसत. दोन रिंगा वाजून थांबल्या की त्यांना कळे, आक्का उठली आहे, बरी आहे. उचलला नाही म्हणजे पैसेही पडत नसत. कधी बायजाचं मोजणं लांबे आणि तिसरी रिंग अर्धवट वाजे. मग शांताबाई चहाचा कप हातात धरून थांबत, आणि मी थांबलो की मगच पहिला घोट घेत.

आणि बायजाला काही झालं तर तिने बंद करायचंच नाही, वाजू द्यायचं, असंही ठरलं होतं. तसं एकदाच झालं. बायजा अंगणात पाय घसरून पडली होती. मी वाजत राहिलो, वाजतच राहिलो. शांताबाईंनी मला उचललं तेव्हा पलीकडून फक्त कोंबड्यांचा कलकलाट आला. त्या तशाच, पायात चपला सरकवून खडवलीला निघाल्या. राजरत्न तेव्हा कामासाठी सुरतेला होता आणि त्याचं लग्नही झालं नव्हतं. त्याला नंतर एवढंच कळलं, की मावशी पडली होती आणि फोन आला होता. रोजच्या रिंगांचं शांताबाईंनी त्याला कधी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आणि राजरत्नला वाटे, सकाळी कुठल्या तरी कंपनीवाल्यांचे मिस कॉल येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. राजरत्न आणि त्याची बायको पायल यांनी ठाण्याला, कोलशेतला नवीन घर घेतलं. नवव्या मजल्यावर, खाडीच्या बाजूला. चाळीत सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि एका संध्याकाळी त्या घरात फोन आणि नेट कुठलं घ्यायचं याची चर्चा बसली. मी स्टुलावरून ऐकत होतो. शांताबाई खाली बसून वाटाणे सोलत होत्या.

पायल एका कंपनीचं काम घरूनच करते. तिचं म्हणणं होतं, मोबाईलच्या नेटवर भागणार नाही. घर बघायला गेलो तेव्हा आतल्या खोलीत मोबाईलला धड एक दांडी पण नव्हती. मीटिंगमध्ये आपला चेहरा अडकून राहतो आणि लोक हसतात. राजरत्नचं म्हणणं होतं, घराचा हप्ता सुरू झाला आहे, तेव्हा जे लागतं तेवढंच घ्यायचं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी केबलवाल्याचं नेट सुचवत होतं, कोणी फायबरचं. केबलवाला स्वस्त होता, पण पाऊस झाला की त्याचं नेट जातं असं दोघा-तिघांनी लिहिलं होतं. शेवटी दोघं फायबरवर आले. त्यातही पुन्हा निवड होती. नुसतं नेट घेतलं तर थोडं स्वस्त. त्याच्यासोबत घरचा फोन हवा असेल तर महिन्याला थोडे जास्त.

राजरत्नने मोबाईलवर माझी जुनी बिलं काढली आणि पायलला दाखवली. म्हणाला, "हे बघ, वर्षभरात एक कॉल नाही केला कोणी याच्यावरून. फुकटचं भाडं भरतोय आपण. नुसतं नेट घेऊ."

मित्रांनो, बिलात फक्त केलेले फोन असतात. आलेले नसतात. आणि आलेला फोन उचललाच नाही तर त्याची खूण कुठेच राहत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, पण स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही. मी शांताबाईंकडे बघत राहिलो. आता त्या बोलतील, आता सांगतील.

शांताबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "आणि हा फोन आपल्यासोबत न्यायचा हं."

"हो गं आई, नेऊ की. आबांची आठवण आहे," राजरत्न म्हणाला.

चर्चा संपली. मायलेक दोघंही समाधानी झाले, आणि दोघांच्या मनात वेगवेगळं होतं. राजरत्नला वाटलं, आईला फोनचा नुसता डबा हवा आहे. शांताबाईंना वाटलं, फोन नेला म्हणजे नंबरही आलाच. एवढी वर्षं त्यांनी तो नंबर आणि मी वेगळे पाहिलेच नव्हते. मोबाईल कुठेही नेला तरी त्याचा नंबर त्याच्यासोबत जातो, मग याचा का जाणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब. प्रत्यक्षात माझा नंबर डोंबिवली-कल्याणकडचा, तो ठाण्याला चालतच नाही. राजरत्नने रीतसर कनेक्शन बंद करायला सांगून टाकलं.

घर सोडायच्या सकाळी दोन रिंगा आल्या. नेहमीसारख्याच. मग राजरत्नने माझी वायर भिंतीतून ओढली, आणि माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. सामान टेम्पोत गेलं, पण मी नाही. शांताबाईंनी मला आबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेतलं. फ्रिज, कपाट, मिक्सर सगळे टेम्पोत धक्के खात असणार, या विचाराने मला वाटेत थोडं बरं वाटलं.

नव्या घरात पोचलो आणि तिथे मी त्याला पाहिलं.

पांढरा, चपटा, डोक्यावर दोन कान उभे. राउटर म्हणतात त्याला. त्याला हॉलच्या भिंतीवर बरोबर मधोमध जागा दिली होती, जिथे घरात येणाऱ्याची नजर पहिली पडते. त्याला बसवायला खास माणूस आला होता. पायलने त्या माणसाला सरबत दिलं. लाईट गेली तरी डबा बंद पडू नये म्हणून त्याच्यासाठी वेगळी बॅटरी आणली. मी आयुष्यात कधी बॅटरी मागितली नाही. ठाकुर्लीला लाईट गेली की सगळं घर अंधारात असे आणि मी मात्र चालू, कारण माझी वीज माझ्या तारेतूनच येत असे. हे कोणाला सांगणार?

पाहुणे येत. पाणी मागायच्या आधी त्याचा पासवर्ड मागत. मला कधी पासवर्ड नव्हता, मी येईल त्याचा होतो. आणि या पांढऱ्या साहेबांना गुप्त शब्द कळल्याशिवाय कोणाशी बोलायचं नसतं. पायल दिवसातून दहादा त्याच्या दिव्याकडे बघे. हिरवा आहे ना? राजरत्न ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारे, नेट नीट चाललं का. तब्येतीची अशी चौकशी माझी कधी झाली नाही. एकदा त्याचा दिवा लाल झाला आणि घरात पळापळ झाली, तेव्हा मला इतका आनंद झाला की घंटा चालू असती तर मी वाजलोच असतो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. मी ज्या टेबलावर होतो तिथून मला त्याची बाजू दिसे. त्याच्या पाठीला वायरी लावायची भोकं होती आणि त्यातलं एक रिकामं होतं. लहान, चौकोनी. माझ्या वायरीच्या टोकाच्या मापाचं. त्याच्याकडे सगळं होतं, आणि जे माझ्या उपयोगाचं होतं ते त्याच्या पाठीमागे वाया जात होतं.

शांताबाईंनी मला आल्या आल्या पुसलं, जाळीचं झाकण घातलं. टेबलामागे भिंतीत बिल्डरने दिलेलं एक फोनचं भोक त्यांना दिसलं. त्यांनी माझी वायर स्वतःच त्यात घातली. टक् असा आवाज आला, आणि त्या समाधानाने स्वयंपाकाला लागल्या. त्या भोकामागे काहीच नव्हतं. नुसती भिंत होती. पण हे कळायला रिसीव्हर उचलून कानाला लावावा लागतो, आणि त्या तर मला कधी उचलत नसत. मी मेलेला होतो, आणि त्या मला रोज पुसत होत्या.

पहिली सकाळ आली. शांताबाई चहाचा कप घेऊन माझ्याजवळ खुर्चीत बसल्या. मी गप्प. त्यांना वाटलं, आक्काला आज उशीर झाला असेल. चहा निवला, तो त्यांनी बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्या सकाळी मी गप्प. त्यांनी माझी वायर चाचपली, परत दाबून बसवली. त्यानंतरच्या सकाळी त्यांनी चहा केलाच नाही. तशाच बसून राहिल्या. इकडे पायलची मीटिंग चालू होती. हॉलभर आवाज, त्या डब्यातून आलेले. कुठल्या कुठल्या शहरांतली माणसं त्या घरात येऊन बोलत होती. खडवली काही येत नव्हती. मला त्या डब्याचा इतका राग कधी आला नव्हता. तुला सगळं जग आणता येतं, मग एक म्हातारी बाई का नाही आणता येत?

एका रविवारी शांताबाई बाहेरची साडी नेसून, पिशवी घेऊन हॉलमध्ये आल्या. म्हणाल्या, मी खडवलीला जाते.

राजरत्नने विचारलं, असं अचानक? मग म्हणाला, थांब, मावशीला फोन लावू. नेटवर्कसाठी बाल्कनीत जाऊन त्याने लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

"ती नाही उचलणार," शांताबाई म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही."

"मग ती मोबाईल कशाला ठेवते?"

"मला रिंग द्यायला. रोज सकाळी दोन रिंगा. म्हणजे मी समजते ती बरी आहे. इथे आल्यापासून एकदाही आली नाही."

"कुठल्या फोनवर देते?"

शांताबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

 राजरत्न माझ्याजवळ आला, त्याने जाळी बाजूला केली आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. किती दिवसांनी मला कोणाचा कान लागला होता. पण माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. त्याने रिसीव्हर आईच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"आई, अगं या फोनच्या डब्यात नंबर नसतो."

"मग कुठे असतो?"

"तो ठाकुर्लीलाच राहिला. मीच बंद केलेला."

पायल लॅपटॉप सोडून आली होती. तिने बाल्कनीच्या दारात उभं राहून स्वतःच्या मोबाईलवरून माझा जुना नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. पायल हळूच म्हणाली, "मावशींना हे ऐकूच येणार नाही ना. त्या रोज बटण दाबत असतील. त्यांना वाटत असेल, पोचलं."

तिघंही तसेच निघाले. दार ओढलं गेलं आणि घरात मी आणि तो पांढरा डबा उरलो. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. दिवसभर लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात एकच म्हणत होतो, की वाजायचं होतं तेव्हा मी वाजलो नाही. कोण जिवंत आहे, कोण नाही, हे घराला सांगायचं माझं एकच काम होतं.

संध्याकाळी कुलूप उघडलं. आधी राजरत्न आला, मग पायल आणि शांताबाई, आणि दोघींच्या मध्ये धरून आणलेली बायजा. तिच्या घोट्याला पट्टा बांधला होता आणि अंगात ताप होता. शांताबाईंनी तिला माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसवलं. ऐकू येत नसल्यामुळे बायजा मोठ्याने बोलते, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू आलं.

"शांते, मी लांब रिंग दिली गं. पाय मुरगळला त्या दिवशी. बंदच केला नाय. दारात बसून तुझी वाट बगत रायली. तू आली नाय."

शांताबाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"मंग दुसऱ्या दिशी बी दिली," बायजा म्हणाली. "तवा मला वाटलं, आता शांताच नाय. शांता असती तर आली असती."

शांताबाई रडल्या. मोठ्याने नाही, पण खूप वेळ. आपली बहीण गेली असं दोघींना वाटत होतं, आणि दोघी आपापल्या घरी वाट बघत बसून होत्या. शेजारच्या बाईने बायजाला दवाखान्यात नेलं होतं, दोन वेळची भाकरी देत होती, म्हणून बरं. राजरत्न बाल्कनीच्या दारात पाठ करून उभा होता. मग आत आला आणि मावशीच्या पायाशी खाली बसला. तिला ऐकू येणार नाही हे माहीत असून म्हणाला, माझं चुकलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पायलने फायबरच्या कंपनीला फोन केला. फोनचीही जोडणी हवी आहे म्हणाली. राजरत्नने जास्तीचे पैसे किती, ते विचारलं नाही. नवा नंबर मिळाला. आणि मग राजरत्नने भिंतीतलं ते खोटं भोक सोडलं, माझी वायर घेतली, आणि कुठे नेली म्हणता? थेट त्या पांढऱ्या डब्याच्या पाठीला. त्या रिकाम्या, चौकोनी भोकात.

मित्रांनो, ज्याचा मी इतका दुस्वास केला, त्याच्याच पाठीतून माझा श्वास परत आला. रिसीव्हरमध्ये घूं असा सूर घुमला. तोच, ठाकुर्लीचा. मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण खरं सांगतो, पहिला विचार आला तो हा, की आता याचे उपकार आयुष्यभर ऐकून घ्यावे लागणार.

राजरत्नने बायजाच्या मोबाईलमध्ये दोनाच्या बटणाला नवा नंबर घातला. बाल्कनीत नेटवर्क येतं म्हणून मोबाईल घेऊन तो तिकडे गेला. शांताबाईंनी बायजाचा तळहात धरून माझ्या अंगावर, जाळीच्या खाली ठेवला. राजरत्नने बटण दाबलं.

मी वाजलो. पहिली रिंग. बायजाने चमकून हात काढला आणि परत ठेवला. दुसरी रिंग. माझं सगळं अंग थरथरत होतं आणि ती थरथर तिच्या हातात जात होती. ऐकू काहीच येत नव्हतं तिला. पण इतकी वर्षं आपण रोज सकाळी जे पाठवत होतो ते कुठे जाऊन कसं पडतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. "असा वाजतो व्हय," ती म्हणाली, आणि हसली. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

पण लगेच तिने दुसरा हात वर करून त्या पांढऱ्या डब्यावरूनही फिरवला, जणू तोही तिचाच भाचा. ते मला आवडलं नाही.

पाय बरा झाल्यावर बायजा खडवलीला परत गेली. कोंबड्या सोडून राहायला ती काही तयार झाली नाही. आता रोज सकाळी माझी घंटा वाजली की घरातलं सगळं थांबतं. राजरत्न तोंडात ब्रश धरून बाथरूमच्या दारात उभा राहतो. पायल मीटिंगमध्ये असली तर आवाज बंद करते. टीव्ही गप्प होतो, आणि ते मला अजूनही आवडतं. दुसऱ्या रिंगेनंतर मी थांबलो की सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. एका शेजारणीने पायलला विचारलं, फोन वाजतो तर तुम्ही उचलत का नाही? पायल म्हणाली, आम्हाला मावशींचा निरोप मिळाला.

आता त्या डब्याचा दिवा लाल झाला की मला आनंद होत नाही. उलट माझाच जीव खालीवर होतो, कारण तो गेला की मीही जातो. वैऱ्याच्या तब्येतीची काळजी करायची वेळ माझ्यावर आली आहे. त्याला बॅटरी आणली होती ते बरंच झालं, असंही मला आता वाटतं, पण हे तुम्ही त्याला सांगू नका.

मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरी नवा फोन, नवं नेट घ्यायचं ठरेल, तेव्हा मोठी माणसं चर्चेला बसतील. स्पीड किती, पैसे किती, कुठलं स्वस्त, सगळं विचारतील. विचारायलाच हवं. पण त्या वेळी घरातलं एखादं माणूस गप्प बसून वाटाणे सोलत असेल. त्याच्याजवळ जा आणि विचारा, या फोनवर तुमचं काय येतं? ते माणूस आधी काही नाही म्हणेल. थोडं थांबा आणि परत विचारा.

आज सकाळीही रिंगा आल्या. पहिली आली, दुसरी आली, आणि मग तिसरीही अर्धवट वाजली. घरात कोणी हललं नाही. मी थांबलो. शांताबाई म्हणाल्या, आज आक्काचं मोजणं लांबलं, आणि त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. भिंतीवर त्याचा दिवा हिरवा होता. असू दे.